शैक्षणिक निबंध कसा लिहावा: प्रश्न फोडण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

निबंध लिहायला बसलेला विद्यार्थी बहुतेक वेळा पहिलं वाक्य शोधत बसलेला असतो. ‘अनादी काळापासून मानवाला...’ असं काहीतरी लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. तासाभराने चार ओळी जमतात आणि त्या चारही शेवटी काढून टाकाव्या लागतात. मी स्वतः बरीच वर्षं हेच केलं. आता ओळखीतली मुलं त्यांचे निबंध वाचायला पाठवतात, तेव्हा मी पहिला परिच्छेद सोडून थेट दुसऱ्यापासून सुरुवात करतो. काही हुकल्यासारखं क्वचितच वाटतं.

या सवयीचं मूळ शाळेत आहे. शाळेतला निबंध हा भाषेचा सराव असतो. सुरुवातीला सुविचार, मध्ये एखादी कवितेची ओळ, शेवटी समाजाला संदेश. त्यात वाईट काही नाही, हात वळायला तो उपयोगीच. पण पदवीच्या आणि पुढच्या अभ्यासात मागतात तो निबंध वेगळा असतो. तिथे कोणीतरी तुम्हाला एक प्रश्न विचारलेला असतो. त्याला तुम्ही स्वतःचं उत्तर द्यायचं, पुराव्यासह द्यायचं, आणि वाचणाऱ्याला तो पुरावा तपासून पाहता यावा अशा रीतीने द्यायचं. बस्स, एवढंच. पण हे ‘एवढंच’ जमायला वेळ लागतो.

शब्दाकडेच पाहा ना. फ्रेंच लेखक माँतेन्य याने १५८० मध्ये आपल्या लेखनाला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘प्रयत्न’, ‘चाचपणी’. इंग्रजी शब्द तिथूनच आला. आपला शब्द ‘बंध’ या धातूच्या घरातला आहे, म्हणजे बांधलेलं. जुन्या धर्मशास्त्रातले निबंधग्रंथ आधीच्या ग्रंथांतली वचनं विषयवार एकत्र बांधून चर्चा करत. शैक्षणिक निबंधाला मला आपला शब्द जास्त चपखल वाटतो. माहिती सगळ्यांकडे सारखीच असते, गुण मिळतात ते बांधणीला.

खाली एकच नमुना प्रश्न घेऊन सगळ्या पायऱ्या दाखवतो. विषय इतिहासाचा आहे, पण रीत समाजशास्त्रालाही लागू पडते आणि साहित्याच्या अभ्यासालाही.

पायरी पहिली: प्रश्न फोडा

समजा प्रश्न असा आहे: ‘छपाईच्या शोधामुळे सोळाव्या शतकातल्या युरोपात चर्चची सत्ता खिळखिळी झाली. या विधानाची चिकित्सा करा. (२००० शब्द)’

आधी क्रियापद पाहा. ‘वर्णन करा’ म्हटलं की काय घडलं ते सांगायचं. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की ते कसं आणि का घडलं ते उलगडायचं. ‘तुलना करा’ म्हणजे दोन गोष्टी शेजारी ठेवून साम्य आणि फरक, दोन्ही दाखवायचे. आधी एकीवर चार पानं आणि मग दुसरीवर चार पानं लिहिली की तुलना होत नाही. ‘चिकित्सा करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘कितपत सहमत आहात’ हे सगळे एकाच कुळातले. इथे विधान खरं आहे का, किती खरं आहे, कोणत्या अटीवर खरं आहे, याचा निवाडा तुमच्याकडून हवा असतो. जास्तीत जास्त गुण याच ठिकाणी जातात. चिकित्सा मागितलेली असते आणि विद्यार्थी छपाईचा इतिहास लिहून देतो.

मग उरलेले शब्द एकेक करून पकडा. ‘छपाईच्या शोधामुळे’ हा कार्यकारणाचा दावा आहे. छपाई हे एकमेव कारण, की अनेकांतलं एक? ‘सोळाव्या शतकात’ म्हटलं की काळाची चौकट ठरली. ‘चर्चची सत्ता’ कोणती: लोकांच्या श्रद्धेवरची, राजांवरची, की पैशावरची? आणि ‘खिळखिळी’ हा शब्द तर भांडायला आमंत्रणच देतो, कारण मोडकळीस येणं वेगळं आणि जरा हलणं वेगळं. या प्रश्नांची उत्तरं अजून तुमच्याकडे नाहीत, पण वाचताना काय शोधायचं ते कळलं. प्रश्न एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर लावून ठेवा. मी आजही लावतो.

पायरी दुसरी: वाचन, पण शिकाऱ्यासारखं

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची गरज सहसा नसते. आधी अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण, मग मागची सूची. सूचीत तुमचा शब्द सापडला की नेमक्या त्या पानांवर जायचं. चांगल्या पुस्तकाची संदर्भयादी ही पुढच्या वाचनाची तयार वाट असते; दोन-तीन पुस्तकांच्या यादीत तेच तेच नाव येऊ लागलं की ते वाचायलाच हवं. विश्वकोश आणि विकिपीडिया विषयाची तोंडओळख करून घ्यायला उत्तम आहेत. मात्र निबंधात आधार म्हणून त्यांचं नाव घालू नका. तिथे खाली दिलेली मूळ साधनं उघडा.

वाचताना अभ्यासकांत मतभेद कुठे आहेत ते हेरा. छपाईच्या बाबतीत एलिझाबेथ आयझेनस्टाइन यांनी १९७९ मध्ये मांडलं की छापील मजकूर एकसारखा आणि टिकाऊ झाल्याने युरोपचं बौद्धिक जगच पालटलं. एड्रियन जॉन्स यांनी १९९८ मध्ये त्याला हरकत घेतली: सुरुवातीची छापील पुस्तकं तितकी एकसारखी आणि भरवशाची नव्हतीच, त्यांच्यावरचा विश्वास माणसांनी हळूहळू घडवला. असा वाद सापडला की निबंधाला पाय फुटले म्हणून समजा. सगळे विद्वान एकाच सुरात बोलताहेत असं वाटलं, तर तुमचं वाचन अजून पुरेसं झालेलं नाही.

पायरी तिसरी: टिपणं

इथे माझी एक फजिती सांगतो. पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षी मी वही भरभरून टिपणं काढली. आवडलेली वाक्यं उतरवून घेतली, मधूनमधून स्वतःचे विचारही लिहिले, सगळं एकाच शाईत, एकाच ओघात. तीन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा कोणतं वाक्य माझं आणि कोणतं लेखकाचं हे मलाच सांगता येईना. जी वाक्यं मला माझी म्हणून फार आवडली होती, त्यांतली दोन कोणा दुसऱ्याची निघाली. ती माझ्या मार्गदर्शकांनी पकडली. मी चोरी केली नव्हती, पण कागदावर ती चोरीच दिसत होती आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

तेव्हापासून मी पानाचे उभे दोन भाग करतो. डावीकडे पुस्तकातलं, उजवीकडे माझं. डावीकडे शब्दशः उतरवलेलं असेल तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे, टिपण काढतानाच. आणि प्रत्येक टिपणापुढे पान क्रमांक. पान क्रमांक ‘नंतर बघू’ म्हटलं की निबंध द्यायच्या आदल्या रात्री ग्रंथालय बंद असताना तो हवा असतो. मुद्दा स्वतःच्या शब्दांत उतरवायचा असेल तर पुस्तक मिटून लिहा. समोर उघडं पुस्तक असलं की आपण दोन शब्द बदलतो, वाक्याचा सांगाडा तोच राहतो, आणि त्यालाही वाङ्मयचौर्यच म्हणतात.

पायरी चौथी: एक वाक्य, ज्याच्याशी कोणी भांडू शकेल

आता निबंधाचा कणा. तुमचं उत्तर एका, फार तर दोन वाक्यांत लिहा. याला मुख्य प्रतिपादन म्हणा, थीसिस म्हणा. कसोटी सोपी आहे: एखादा समंजस, वाचलेला माणूस या वाक्याशी असहमत होऊ शकतो का? ‘छपाईचा युरोपवर मोठा परिणाम झाला’ याच्याशी कोण असहमत होणार? म्हणजे ते प्रतिपादन नव्हे, ती फक्त विषयाची पाटी.

पहिल्या दमात चांगलं वाक्य येत नाही. माझ्या नमुन्यात ते असं सरकलं. आधी: ‘छपाईमुळे चर्चची सत्ता कमी झाली.’ हे प्रश्नच परत लिहिणं झालं. मग: ‘छपाईमुळे चर्चची सत्ता कमी झाली, पण इतर कारणेही होती.’ आता कुंपणावर बसलो. इतर कारणं नेहमीच असतात. मग टिपणं पुन्हा चाळली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली: जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने १५१७ मध्ये चर्चवर हल्ला चढवला, त्याच्या आधी साठेक वर्षं छपाईयंत्र चर्चचीच कामं करत होतं. तेव्हा तिसरा प्रयत्न: ‘छपाईयंत्राने चर्चची सत्ता आपोआप खिळखिळी केली नाही, सुरुवातीला ते चर्चच्याच उपयोगाचे होते. १५१७ नंतर ते चर्चविरुद्ध प्रभावी ठरले, कारण लोकभाषेतली छोटी, स्वस्त पत्रके आणि स्थानिक सत्ताधीशांचे संरक्षण या दोन गोष्टी त्याला येऊन मिळाल्या.’

याच्याशी भांडता येतं. यात ‘कारण’ आहे. आणि पुढे काय काय सिद्ध करायचं त्याची यादी याच वाक्यात दडलेली आहे: आधीचा उपयोग, लोकभाषा, संरक्षण.

लिहिता लिहिता हे वाक्य बदललं तर बदलू द्या. फक्त बदलल्यावर मागचे परिच्छेद त्याच्याशी जुळतात का ते तपासा. शेवटी गाठलेलं मत सुरुवातीच्या मताच्या उलट असलेले निबंध मी बरेच वाचलेत, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो.

पायरी पाचवी: आराखडा

२००० शब्दांत प्रस्तावना आणि समारोप मिळून साधारण ४०० शब्द खातात. उरले १६००. एक परिच्छेद १५० ते २०० शब्दांचा धरला तर आठ ते दहा परिच्छेद. म्हणजे तुमच्याकडे दहाच्या वर मुद्द्यांना जागाच नाही. हा हिशेब आधी केला की पंचवीस मुद्दे कोंबायचा मोह आपोआप आवरतो.

आराखड्यात ‘ल्यूथर’, ‘गुटेनबर्ग’ अशी नुसती नावं लिहू नका, पूर्ण वाक्यं लिहा. ‘ल्यूथर’ या नावाखाली काहीही भरता येतं. ‘ल्यूथरचा परिणाम लॅटिनमधल्या मुद्द्यांपेक्षा जर्मन पत्रकांमुळे अधिक झाला’ असं लिहिलं की त्या परिच्छेदात काय यायला हवं आणि काय नको, दोन्ही ठरतं. सगळी वाक्यं एकाखाली एक लिहून सलग वाचा. एक युक्तिवाद पुढे सरकताना ऐकू येतो का? दोन वाक्यांच्या जागा बदलल्या आणि काहीच फरक पडला नाही, तर तिथे अजून साखळी तयार झालेली नाही.

पायरी सहावी: परिच्छेद

खरी कारागिरी इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू. आधी मला नेहमी वाचायला मिळतो तसा एक परिच्छेद:

‘छपाईचा शोध हा मानवी इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा टप्पा मानला जातो. गुटेनबर्ग यांनी १४५० च्या सुमारास जर्मनीतील माइंझ येथे छपाईयंत्र तयार केले. त्यांनी बायबल छापले. पुढे मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये ९५ मुद्दे मांडले. ते सर्वत्र पसरले. अशा प्रकारे छपाईमुळे चर्चची सत्ता कमी झाली.’

यातली माहिती चुकीची नाही. पण ही वाक्यं एकमेकांना ओळखत नाहीत. ‘अशा प्रकारे’ म्हणजे कशा प्रकारे? मधला सगळा पूल वाचकाने स्वतः बांधायचा आहे. आता हाच भाग दुसऱ्या रीतीने:

‘छपाईयंत्र मुळात चर्चविरोधी नव्हते. माइंझ येथे छापलेल्या आणि तारीख असलेल्या सर्वांत जुन्या कागदांमध्ये १४५४ सालची क्षमापत्रे, म्हणजे पैशाच्या मोबदल्यात पापाच्या शिक्षेतून सूट देणारी चर्चची पत्रे, आहेत. म्हणजे ल्यूथरने पुढे ज्या प्रथेवर हल्ला केला, तिच्याच सेवेत हे यंत्र आधी रुजू झाले होते. पूर्वी एकेक क्षमापत्र हाताने लिहावे लागे. आता नाव आणि तारीख भरण्यापुरती जागा मोकळी सोडून तोच मजकूर हव्या तितक्या प्रतींत काढता येऊ लागला. चर्चच्या दृष्टीने ही सोयच होती. त्यामुळे १५१७ नंतर जे घडले त्याचे कारण केवळ यंत्रात शोधून भागत नाही. त्या यंत्रावर काय, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या संरक्षणाखाली छापले गेले, हे पाहावे लागते.’

पहिल्या वाक्यात परिच्छेदाचा दावा आहे. दुसऱ्यात पुरावा. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची वाक्यं त्या पुराव्याचा अर्थ लावतात. शेवटची दोन वाक्यं मुख्य प्रतिपादनाकडे परत नेतात आणि पुढच्या परिच्छेदाला दारही उघडून देतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी फोड केली तिच्या गाभ्याशी हेच आहे: दावा, आधार, आणि या आधारावरून तो दावा का निघतो हे सांगणारा दुवा. नवशिके दावा करतात, आधारही देतात, पण दुवा गाळतात. त्यांना तो उघड वाटत असतो. म्हणून प्रत्येक पुराव्यानंतर स्वतःला उद्धटपणे विचारा: ‘बरं, मग?’ त्या प्रश्नाचं जे उत्तर येतं ते लिहा.

अवतरणांबद्दलही तेच. अवतरण टाकून परिच्छेद संपवला की तुम्ही स्वतःची खुर्ची दुसऱ्याला दिली. आधी ते कोण आणि कोणत्या संदर्भात म्हणतंय ते सांगा, मग अवतरण द्या, मग त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. लेखकाचे नेमके शब्दच महत्त्वाचे असतील तेव्हाच अवतरण घ्या. नुसती माहिती हवी असेल तर ती स्वतःच्या शब्दांत सांगून संदर्भ दिलेला बरा.

पायरी सातवी: पूर्वपक्ष

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि तेही तो स्वतः मांडेल तितक्या ताकदीने. मग उत्तरपक्ष. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: तत्त्व समजावं म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. शैक्षणिक निबंधात पहिलाच चालतो.

माझ्या नमुन्यातल्या प्रतिपादनावर सर्वांत जड आक्षेप कोणता? हा: बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या, यान हुस या धर्मसुधारकाने ल्यूथरच्या शंभर वर्षं आधी क्षमापत्रांवर आणि चर्चच्या अधिकारावर टीका केली. त्याला १४१५ मध्ये जाळलं. दोघांमध्ये मोठा फरक कोणता, तर मधल्या काळात छपाई आली. मग यंत्रच निर्णायक नव्हतं का?

हा आक्षेप खरोखर टोचतो, आणि म्हणूनच तो निबंधात हवा. उत्तर शोधताना दोन गोष्टी हाती लागतात. एक, हुसच्या मृत्यूनंतर बोहेमियात त्याच्या अनुयायांनी छपाईविनाच चर्चला जेरीला आणलं. त्यांच्यावर धर्मयुद्धं पुकारली गेली तरी ते टिकले आणि १४३६ मध्ये चर्चला त्यांच्याशी समझोता करावा लागला. दोन, ल्यूथरला १५२१ मध्ये वर्म्स शहरातल्या साम्राज्यसभेनंतर कायद्याबाहेर ठरवलं गेलं, तेव्हा सॅक्सनीचा शासक फ्रेडरिक याने त्याला वार्टबुर्गच्या गढीत दडवून ठेवलं; तसं कोणी हुसच्या बाबतीत केलं असतं तर? हुसला तर राजा सिगिसमुंडचं अभयपत्र मिळालेलं होतं, ते पाळलंच गेलं नाही. म्हणजे संरक्षणाचा मुद्दा उलट बळकट झाला. पण आक्षेपातला काही भाग मान्यही करावा लागतो: बोहेमियातली चळवळ मुख्यतः बोहेमियापुरती राहिली, ल्यूथरची काही वर्षांत दूरवर पोचली. पसरण्याच्या वेगाचं श्रेय छपाईला द्यायलाच हवं. असं काही देऊन टाकलं की वाचकाचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. दुबळा आक्षेप उभा करून पाडणं मात्र टाळा, तपासणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो.

भाषा

हा लेख मी बोलल्यासारखा लिहितोय, ‘केलं’, ‘झालं’ असा. निबंध मात्र लेखी प्रमाण रूपात, ‘केले’, ‘झाले’ असाच द्या. कोणतंही एक धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. एकाच पानावर दोन्ही आले की गबाळं दिसतं.

‘असे म्हटले जाते’, ‘मानले जाते’, ‘सर्वश्रुतच आहे’ ही वाक्यं खोडा. कोण म्हणतं? नाव असेल तर लिहा, नसेल तर वाक्य काढा. ‘करण्यात आले’ऐवजी ‘केले’ चालतं. ‘अत्यंत’, ‘नितांत’, ‘अनन्यसाधारण’ ही विशेषणं पुराव्याची जागा भरू शकत नाहीत. उलट बाजूने, दाव्याचं वजन मोजून क्रियापद निवडा: ‘सिद्ध होते’, ‘दिसते’, ‘सूचित होते’, ‘शक्यता वाटते’ यांत पायऱ्यापायऱ्यांचा फरक आहे. एका पत्रकावरून संपूर्ण युरोपबद्दल काही ‘सिद्ध’ होत नाही.

‘मी’ लिहावं का? विभागाची रीत विचारा. चालत असेल तर ‘माझ्या मते’पेक्षा सरळ विधान करा, कारण निबंध तुमचाच आहे हे वाचकाला ठाऊक असतं. ‘प्रस्तुत लेखकाच्या अल्पमतीनुसार’ मात्र कोणत्याही विभागात लिहू नका.

संदर्भ

पद्धत तुम्ही निवडायची नसते, ती नेमून दिलेली असते. मानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत एपीए (अमेरिकेतल्या मानसशास्त्र संघटनेची पद्धत) चालते, तीत मजकुरातच लेखक आणि वर्ष येतं. सध्याची सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत), लेखक आणि पान. इतिहासात बहुधा शिकागोच्या तळटिपा. त्या पद्धतीची पहिली पुस्तिका १९०६ मध्ये निघाली. स्वल्पविराम कुठे आणि तिरपं अक्षर कुठे हे पाठ करू नका, नमुना समोर ठेवून उतरवा. एपीएत ४० किंवा अधिक शब्दांचं अवतरण वेगळ्या खंडात, अवतरणचिन्हांशिवाय येतं. असले बारकावे नियमावलीतच पाहायचे असतात.

संदर्भ कशाला द्यायचा? कोणाचे शब्द, कोणाचं मत, कोणाचा आकडा, कोणाची मांडणी, या सगळ्याला. शब्द बदलले तरी मांडणी त्याचीच असेल तरीही. ल्यूथरने १५१७ मध्ये मुद्दे मांडले ही गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे, तिला संदर्भ लागत नाही. ते का पसरले याचं स्पष्टीकरण कोणाकडून घेतलं असेल तर लागतो.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरायला परवानगी आहे का ते आधी विचारा. असेल तरी त्यांनी दिलेला कोणताही संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नका. ती कधीकधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं पान क्रमांकांसकट सांगतात.

आता कुठे प्रस्तावना

सगळे परिच्छेद झाले की प्रस्तावना लिहा. आता तुम्हाला माहीत आहे की कोणाची ओळख करून द्यायची आहे. दोन-तीन वाक्यांत प्रश्न कशाबद्दल आहे आणि त्यात अडचण काय आहे ते सांगा, मग तुमचं प्रतिपादन, मग एका वाक्यात पुढची वाट. माझ्या निबंधाचं पहिलं वाक्य असं होईल: ‘माइंझच्या छापखान्यातून १४५४ मध्ये क्षमापत्रे बाहेर पडली, त्रेसष्ट वर्षांनी ल्यूथरचा हल्ला झाला तो याच क्षमापत्रांच्या प्रथेवर.’ कोड्यात पडलेला वाचक पुढे वाचतो. मानवाच्या अनादी काळाशी त्याला काही देणंघेणं नसतं.

समारोपात नवा पुरावा आणू नका, आणि प्रस्तावना शब्द बदलून पुन्हा लिहू नका. सगळं वाचून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे पाहिलं तर तो आता कसा दिसतो, ते सांगा. माझ्या नमुन्यात ‘खिळखिळी’ हा शब्द तपासायला मी इथे परत येईन: जिथे राजे सुधारकांच्या पाठीशी होते तिथे सत्ता कोसळली, इतरत्र चर्चने स्वतःच छपाईवर पकड बसवायचा प्रयत्न केला, रोमने १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी काढली. त्या यादीतून दोन्ही दिसतं, भीतीही आणि उरलेलं बळही.

फेरतपासणी

लिहून झाल्यावर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. दहा दिवस हाती असतील तर मी चार वाचनाला, एक प्रतिपादन आणि आराखड्याला, तीन लेखनाला आणि दोन तपासणीला ठेवतो. तपासणीचे दिवस पहिल्यांदा कापले जातात, म्हणून ते तारखेसह लिहून ठेवा.

पहिली फेरी रचनेची. छापील प्रतीच्या समासात प्रत्येक परिच्छेदापुढे त्याचा मुद्दा एका ओळीत लिहा, जे लिहायचं होतं ते नव्हे, जे खरोखर कागदावर आहे ते. कधी एकाच परिच्छेदापुढे दोन ओळी लिहाव्या लागतात: तो फोडा. कधी दोन परिच्छेदांपुढे एकच ओळ येते: ते जोडा. आणि कधी पेन अडतं, काहीच लिहिता येत नाही. तो परिच्छेद कितीही सुंदर असला तरी काढा. जीव तुटत असेल तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मी तशी फाइल ठेवतो. तिच्यातून आजवर काहीही परत आणावं लागलेलं नाही.

दुसरी फेरी मोठ्याने वाचायची. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडा, जिथे जीभ अडखळते तिथे शब्दांचा क्रम बिघडलेला असतो. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ यांच्याकडे विशेष लक्ष द्या: त्यांच्या आधी खरंच कारण आहे का, की दोन वाक्यं चिकटवायला ते शब्द वापरलेत?

ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, पान क्रमांक, संदर्भयादीतली नावं मजकुरातल्या नावांशी जुळतात का, हे सगळं तिसऱ्या फेरीत. त्याआधी नाही, कारण जो परिच्छेद उद्या काढायचा आहे त्यातली वेलांटी आज सुधारण्यात अर्थ नाही.

मग समोर लावलेला प्रश्नाचा कागद उतरवा. तो एखाद्या मित्राला वाचून दाखवा, निबंध त्याच्या हातात द्या, आणि वाचून झाल्यावर विचारा: ‘मी काय उत्तर दिलं?’ तो जे सांगेल ते तुमच्या चौथ्या पायरीतल्या वाक्याशी ताडून पाहा. जुळलं तर निबंध पाठवा. नाही जुळलं तर तो कुठल्या पानावर वाट चुकला ते विचारून घ्या आणि तिथून दुरुस्तीला लागा.